नववी खाट : सदाशिव पेठेतल्या घराच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली. अण्णा नाशिकला परत गेला तो एक अट घालून : "निम्मे पैसे माझे जाणार. तेव्हा काय केलंस आणि का केलंस ते रोज लिहून ठेव. नुसता आकडा पाठवू नकोस." म्हणून ही वही.

घर तळमजला अधिक दोन. बाबांनी १९७८ साली विटांच्या भिंतींवर बांधलं, दुसरा मजला १९९१ साली चढवला. खाली १९८१पासूनच्या भाडेकरू आजी. वर एमपीएससीची मुलं, नऊ खाटा, खाटेला महिना ३,५०० रुपये. मी राहते कोथरूडला. पेठेतलं घर म्हणजे माझ्या लेखी आजवर महिन्यातून एक फेरी आणि भाड्याचा हिशोब.

आता कारण. १८ ऑक्टोबरला पहाटे दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये एक मुलगा आंघोळ करताना कोसळला. गॅस गिझर चालू, दार बंद, झरोक्याला आतून प्लायवूड ठोकलेलं. हाका मारून उत्तर येईना तेव्हा बाकीच्यांनी दाराला खांदा लावला. कडी ढिली होती, एका धक्क्यात निघाली. या कडीची तक्रार मुलांनी ऑगस्टपासून दोनदा केली होती, आणि मी दोन्ही वेळा "सांगते सुताराला" म्हणून विसरले होते. मुलगा वाचला तो त्या विसरण्यामुळे. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी घरी सोडला. प्लायवूड मुलांनी नाही, आम्हीच ठोकलेलं. कबुतरं आत यायची म्हणून.

मुलं दिवाळीला गावी गेली आहेत. १ डिसेंबरला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा, म्हणजे पंधरा तारखेच्या आत सगळी परत येणार. तेवढेच दिवस हातात.

५ नोव्हेंबर, मंगळवार

गॅस गिझर काढला. प्लायवूड काढलं, झरोक्याला जाळी बसवली आणि खालच्या बाजूला दारात झडपा पाडल्या.

प्लंबर म्हणाला, "हाच गिझर बाहेर पॅसेजमध्ये लावू की, पाइप आत घेऊ." विचार केला, नको म्हटलं. जे झालं त्यानंतर गॅसचा गिझरच नको. बाथरूम चार बाय सहा फुटांचं. एवढ्याशा बंद जागेत गॅस जळायला लागला की हवेतला ऑक्सिजन बघता बघता कमी होतो, मग ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, त्यामुळे सगळ्यांची समजूत अशी की काही बिघडलं तर नाकाला कळेलच. गळणारा गॅस कळतो. जळून झालेल्या मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि माणसाला वाटतं उपाशीपोटी चक्कर आली. त्या मुलालाही तसंच वाटलं होतं. आदल्या आठवड्यात दोनदा.

नवी कडी बसवली. बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येते अशी. ती शोधायला सुताराला दोन दुकानं फिरावी लागली.

६ नोव्हेंबर, बुधवार

विजेचे गिझर लावायचे ठरलं, म्हणून वायरमनकाकांना बोलावलं. माझा अंदाज : दोन पॉइंट काढतील, संध्याकाळपर्यंत मोकळे. त्यांनी मेन बोर्डाचं झाकण काढलं आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत.

जुने किटकॅट फ्यूज. एकात फ्यूजची तार असायला हवी तिथं तांब्याच्या वायरचे चार पदर पिळून बसवलेले. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी केलेला 'कायमचा' इलाज. म्हणजे आता आत काहीही झालं तरी तो उडणार नाही, आधी भिंतीतली वायर जळेल. वायर अ‍ॅल्युमिनियमची, मूळ घराइतकीच जुनी. मंजूर भार एक किलोवॉट. बाबांच्या वेळी पाच दिवे, तीन पंखे आणि एक रेडिओ होता, त्याला एक किलोवॉट म्हणजे चैन. आज नऊ मुलांचे लॅपटॉप, इस्त्र्या, केटल, एक इंडक्शन शेगडी, आणि त्यावर आता दोन-दोन हजार वॉटचे दोन गिझर.

खरी भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. काकांनी दुसऱ्या मजल्यावरचा पॉवर पॉइंट उघडला आणि मला बोटानं दाखवलं. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरच्या, अर्थच्या भोकाला एक छोटी वायर होती, आणि ती आतल्या आत न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरला, जोडलेली होती. घरात अर्थिंग नाहीच. आधीच्या कुणीतरी तिसरी पिन रिकामी दिसू नये म्हणून ही युक्ती केली. टेस्टरनं बघितलं तर सगळं ठीक दिसतं. पण न्यूट्रल कुठं सैल झाला किंवा तुटला, की त्याच वायरमधून वीज उलट येऊन उपकरणाच्या पत्र्यावर बसते. गिझर असेल तर नळावर. अर्थचं भोक रिकामं असतं तर निदान अर्थिंग नाही हे तरी कळलं असतं, हे त्याहून वाईट.

"ताई, पॉइंट काढून देऊ? चार हजारात होईल," काका म्हणाले. विचारायची पद्धत अशी होती की नाही म्हणावं. पूर्ण वायरिंग नवं करायचं ठरलं. अण्णाला फोन. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "कर."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

भिंती खोदायला घेतल्या. दिव्या-पंख्यांना दीडची (चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, पॉवर पॉइंटला अडीचची, गिझरला चारची. मजल्याला वेगळा डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी बटणांची पेटी. लायसन्स असलेल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडून महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज भरला.

अर्थिंगचा खड्डा मागच्या बोळात. अडीच मीटर पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. आजी खिडकीतून बघत होत्या. "कुणाला पुरताय गं?" त्यांना सांगितलं, वीज पुरतोय. त्या म्हणाल्या, "मग माझ्या न्हाणीतल्या नळाचीही पुरा. पावसाळ्यात झिणझिण्या येतात." किती वर्षं? "तुझे बाबा होते तेव्हापासून." त्यांचं भाडं आजही तीन आकडी आहे, आणि एवढ्या भाड्यात दुरुस्ती कसली मागायची म्हणून त्या बोलल्या नाहीत, आणि एवढ्या भाड्यात दुरुस्ती कसली करायची म्हणून आम्ही विचारलं नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४मध्ये घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. भाडं कमी असेल तर सूट, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

आजींचं वायरिंगही यादीत घातलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या मजल्यावर वायरीसाठी झिरी पाडताना गवंडी थांबला. खोलीच्या मधोमध छतावर एक तिरकी चीर, प्लास्टरची नव्हे, आतली. काम थांबवलं. स्ट्रक्चरल इंजिनियर बाईंना फोन केला, त्या सोमवारी येतील.

१० नोव्हेंबर, रविवार

घरी बसून बाबांच्या फायली काढल्या. मंजूर नकाशा सापडला. पहिल्या मजल्यावर नकाशात दोन खोल्या आहेत, प्रत्यक्षात एक मोठा हॉल. दुसऱ्या मजल्यावर नकाशात चार फूट रुंदीची उघडी गॅलरी आहे. प्रत्यक्षात ती सरकत्या काचांनी बंद केलेली खोली आहे आणि तिच्यात नववी खाट आहे.

मालमत्ता कराच्या पावत्याही सापडल्या. 'स्वतः राहतात' म्हणून मिळणारी ४० टक्के सवलत आम्ही अजून घेतोय. हे वेगळं प्रकरण आहे, पण वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

इंजिनियर बाई तीन तास होत्या. आधी हातोडीच्या दांड्यानं छत ठोकत फिरल्या. भरीव आवाज कुठं, पोकळ कुठं, ते ऐकत. मग बाथरूमखालच्या स्लॅबचा एक टवका काढून त्यावर एका द्रावणाचा फवारा मारला. निरोगी काँक्रीट त्या द्रावणानं गुलाबी होतं, कारण ते अजून अल्कधर्मी असतं आणि आतल्या सळईला गंजू देत नाही. आमचं काठाला गुलाबी झालं आणि सळईभोवती तसंच राखाडी राहिलं. सळई बोटानं चोळली तर पापुद्रे हातात आले. वरच्या बाथरूमची गळती आम्ही दर वर्षी खालून रंग देऊन 'दुरुस्त' करत होतो.

मग हॉल. त्यांनी विचारलं, "ही भिंत कुणी काढली?" मला माहीत नव्हतं. आजींना होतं. "तुझ्या बाबांनीच. दोन हजार चार साली, दोन दिवसांत. माझ्या ताटात माती पडली होती." दोन खोल्यांची एक केली की तीनाऐवजी चार खाटा बसत होत्या. ती भिंत नऊ इंची होती. दुसऱ्या मजल्यावरची तशीच नऊ इंची भिंत नेमकी तिच्यावर उभी होती, आणि गेली वीस वर्षं ती नुसत्या स्लॅबवर उभी आहे.

विटांच्या घरात भिंत हाच खांब, हे बाबांना कळत नसेल असं नाही. गवंड्यानं "काही होत नाही साहेब" म्हटलं असेल आणि बाबांना तेच ऐकायचं असेल. बाईंनी घाटकोपरची आठवण काढली : २५ जुलै २०१७, चार मजली इमारत सकाळी कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात आधाराला हात लावल्याचा आरोप झाला. आमच्याकडे आधार काढलेला होता आणि त्याच्याखाली चार मुलं झोपत होती.

संध्याकाळी लोखंडी टेकू आणून लावले. चिरेवर दोन ठिकाणी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली. भेग हलली तर काच तडकेल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

एक काच तडकली. दुसरी शाबूत.

बाईंचा निर्णय : दोन गर्डर, दोन्ही टोकांना भिंतीत काँक्रीटची बैठक करून. बाथरूमखालचा स्लॅब सोलून, सळई साफ करून, जिथं सळई निम्मी उरली आहे तिथं नवी जोडून, पुन्हा भरायचा. सी-२ बी, म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती करता येईल असं. "पण तो हॉल रिकामा ठेवा," हे त्यांनी दोनदा सांगितलं. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र घ्यायचं असतं, हे मला आजच कळलं. घराला शेहेचाळीस झाली.

पहिल्या मजल्यावरच्या चार मुलांना फोन केले, महिनाभर दुसरी सोय बघा, भाडं घेणार नाही, जमल्यास फरकही देईन. परीक्षेच्या तोंडावर. एकानं शांतपणे विचारलं, "काकू, आम्ही इतके दिवस तिथंच झोपत होतो ना?" हो म्हटलं.

आज तुळशीचं लग्न. खाली आजींनी ऊस आणि चिंचा-आवळे मांडले होते. प्रसाद घेऊन घरी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुसऱ्या मजल्यावरची मुलं परतली, पाच. त्यांना बसवून विचारलं, आग लागली तर बाहेर कसे पडाल? आधी हसली. मग त्यांच्याच लक्षात यायला लागलं.

खालचं सरकतं जाळीचं दार रात्री साडेदहाला कुलूपबंद, किल्ली आजींकडे. हा नियम माझा. मुलं उशिरा येतात अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. गच्चीचं दारही कुलूपबंद, कारण वर सिगारेटी ओढतात. हाही माझाच. खिडक्यांना पुढं आलेली पिंजऱ्याची जाळी, चहूबाजूंनी वेल्डिंग केलेली. उरला जिना. जिन्याखाली मीटरचा लाकडी बोर्ड, आणि बोर्डाला टेकून सहा दुचाक्या. त्यातली एक विजेची स्कूटर, एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर चार्ज होणारी. पेटायला जे जे लागतं ते सगळं एकुलत्या एका वाटेच्या तोंडाशी आम्ही नीट रचून ठेवलेलं होतं. दुचाक्यांच्या टाक्यांमधल्या पेट्रोलसकट.

एक मुलगा म्हणाला, "काकू, म्हणजे उंदराचा पिंजरा." त्याच्या वहीत आपत्ती व्यवस्थापनाची टिपणं होती. ती मागून घेतली नाहीत, पण मोह झाला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

फॅब्रिकेटर आला. प्रत्येक मजल्यावर एका खिडकीच्या जाळीत दोन बाय तीन फुटांचं झडपेचं दार, आतून कडी, कुलूप नाही. तो म्हणाला, "मग चोर येईल की, ताई." आतली कडी बाहेरून हाताला येणार नाही अशी लपवून दे म्हटलं. खालच्या दाराला आतून मुठीनं उघडणारं लॅच. गच्चीलाही तसंच. सिगारेटी ओढू देत.

गच्चीचा कठडा मोजला, सव्वादोन फूट. मांडीला लागतो, म्हणजे तोल गेला तर नेमका पालथा पाडायच्या उंचीचा. त्यावर पाइपाचं रेलिंग घेऊन साडेतीन फूट करून घेतोय. पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, आणलं.

मीटर बोर्ड जिन्याखालून बाहेरच्या भिंतीवर हलवायचा अर्ज. दुचाक्या बोळात. स्कूटरवाल्याला बोळातच वेगळा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. त्याचा चेहरा पडला होता तो खुलला.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. कामगार गावी. मीही मत देऊन आले आणि दिवसभर आजींच्या स्वयंपाकघरात बसले.

त्यांची गॅसची नळी हिरवी, कडक झालेली, वाकवली की चिरा दिसतात. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. आजींच्या नळीवर काहीच वाचता येत नव्हतं. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात, दार बंद. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली तळाशी साचतो, आणि आमच्या घरी हवा जायची भोकं सगळी छताजवळ. कपाटाचं दार काढून टाकलं, खाली भिंतीत जाळी बसवणार. आजी म्हणाल्या, "दार काढलंस, आता सिलिंडर दिसणार पाहुण्यांना." पडदाही नको म्हटलं. त्या अजून रुसलेल्या आहेत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

गर्डर चढले. सहा माणसं, एक चेनपुली, आणि कुणीही ओरडत नव्हतं, यावरून माणसं जाणती आहेत हे कळलं. गर्डर आणि स्लॅब यांच्यातली फट लोखंडी पाचरी मारून, मग न आकसणारं ग्राउट भरून बंद केली. नाहीतर गर्डर नुसता शोभेचा राहतो, भार घेतच नाही, असं बाई म्हणाल्या.

अण्णा आला होता. वर बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांनी या चौथ्या खाटेच्या पैशातून माझी शेवटची फी भरली होती." मला हे माहीत नव्हतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

डीबी चालू केले. आरसीसीबी दर दोन मिनिटांनी उडायला लागला. एमसीबी वायरला जपतो, हा माणसाला : फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, हे तो सतत ताडून बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. फरक म्हणजे वीज दुसऱ्या वाटेनं, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चालली आहे.

काकांनी अर्धा दिवस शोधलं. गळती कुठंच नाही. शेवटी सापडलं : जिन्यातल्या दिव्याचा फेज पहिल्या मजल्याचा आणि न्यूट्रल जुन्या पाइपातून दुसऱ्या मजल्याचा उसना घेतलेला. वीज एका दारानं जाते, दुसऱ्या दारानं येते, आणि दोन्ही पहारेकरी बोंबलतात. काका म्हणाले, बरेच लोक इथं कंटाळतात आणि आरसीसीबीच काढून टाकायला सांगतात. न्यूट्रल वेगळा केला. मग टेस्टचं बटण दाबून मुलांसमोर तीनदा पाडून दाखवला. महिन्यातून एकदा दाबायचं, हे डीबीच्या झाकणावर मार्करनं लिहिलं.

अर्थिंगचं मोजमाप तीन ओहमच्या आसपास. काका खूश.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

गॅलरी. हा विषय मी पुढं ढकलत होते.

चार फूट रुंद, अकरा फूट लांब, म्हणजे चार चौरस मीटरच्या जरा वर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहण्याच्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर आणि २.४ मीटर रुंदी लागते. खोली म्हणून ती कशातच बसत नाही. शिवाय काचा लावल्यामुळे आतल्या खोलीचा उजेड आणि वारा दोन्ही गेले, आणि गॅलरीतल्या मुलाला बाहेर पडायचं तर दोन झोपलेल्या मुलांवरून. अण्णानं फोनवर हिशोब घातला, वर्षाचे बेचाळीस हजार. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, काचा राहू देत, खाट तेवढी काढ. मीही आधी तेच ठरवलं होतं. पण काचा राहिल्या की सहा महिन्यांत आम्ही तिथं खाट घालणार, हे दोघांनाही माहीत आहे.

दुपारी काचा उतरवल्या. आतल्या खोलीत दिवसा ट्यूबलाइट बंद करता आली. नवव्या मुलाला परीक्षेपर्यंत आमच्या कोथरूडच्या घरी वरची खोली दिली. तो बसनं येतो-जातो आणि माझ्या हातची पोळी जाड असते असं म्हणतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

प्रत्येक मजल्याच्या जिन्यात एक अग्निशामक नळकांडं, पावडरचं. पिन कशी ओढायची ते दाखवलं. धूर ओळखणारे बॅटरीचे भोंगे तीन.

करारांचं काम सुरू. आजवर बाबांची पद्धत, साध्या कागदावर सही. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, हे भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. मुलांचे ऑनलाइन करार डिसेंबरात. पोलिसांकडची माहितीही तेव्हाच. कराच्या सवलतीचं पत्रही लिहून ठेवलंय, अण्णाची सही बाकी.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन. "काकू, आमच्या मजल्याची लाइट गेली. आज पेपर आहे."

पोटात गोळा आला. विचारलं, डीबीत कुठलं बटण खाली पडलंय? मोठं, ज्यावर टेस्ट लिहिलंय ते. वर करून बघ. केलं, पुन्हा पडलं. मग विचारलं, आत्ता कुणी काय लावलं?

कुणीच काही नाही. मग पलीकडे कुजबुज. मग एकजण : "काकू, गिझरला नंबर लागत नव्हता म्हणून... रॉड लावला होता. बादलीत."

बादली कसली? लोखंडी. हात घातला होतास? "घालणार होतो. पाणी तापलं का बघायला."

रॉड काढायला लावला, बटण वर केलं, राहिलं. गिझर चालू झाला. सगळे वेळेत केंद्रावर पोचले, असा साडेआठला मेसेज आला.

दुपारी जाऊन रॉड घेऊन आले. नळीला बारीक चीर आहे, उजेडात धरल्यावरच दिसते. वायर कापून टाकली. काकांची उरलेली रक्कम सोमवारी द्यायची, अण्णाला आकडा वेगळा पाठवते.